छायाचित्राखाली आणखी एक ओळ हवी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मे महिना सरत आला की आपल्या पर्यटन पुरवणीत भंडारदऱ्याच्या काजव्यांचे छायाचित्र हमखास येते. काळोखात उभे असलेले हिरड्याचे किंवा सादड्याचे झाड, शेंड्यापासून बुंध्यापर्यंत पिवळसर हिरव्या ठिपक्यांची दाटी, वर ताऱ्यांनी भरलेले आकाश आणि खाली छायाचित्रकाराचे नाव. मी व्यवसायाने छायाचित्रकार आहे. नाशिकमध्ये लग्नकार्याची छायाचित्रे काढून माझे घर चालते आणि लग्नसराईतून सवड मिळाली की अकोले, इगतपुरी व त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतल्या डोंगरांत माझी भटकंती सुरू होते. काजव्यांची अशी छायाचित्रे मीही काढतो आणि ती काढण्यातला आनंद मला पुरता ठाऊक आहे. तेव्हा हे पत्र कोणाविरुद्धची तक्रार न समजता त्याच धंद्यातल्या माणसाची विनंती समजावी. विनंती एवढीच की, प्रवासाच्या आणि निसर्गाच्या छायाचित्राखाली ते कोणी काढले याबरोबर ते कसे काढले हे सांगणारी एक ओळ आपण छापत जावी. मागणी किरकोळ वाटेल, पण तिच्यामागची कारणे डोंगरात घालवलेल्या रात्रींतून जमत गेली आहेत आणि ती थोडक्यात सांगता येण्याजोगी नाहीत.

काजव्यांचे ते चित्र डोळ्यांना दिसलेल्या एका क्षणाचे नसते. दिवस मावळण्यापूर्वीच जागा धरून ट्रायपॉडवर कॅमेरा घट्ट बसवायचा, संधिप्रकाशात झाडाचे व जमिनीचे एक चित्र घेऊन ठेवायचे, आणि त्यानंतर कॅमेरा तसूभरही न हलवता पूर्ण अंधार पडेपर्यंत थांबायचे. मग लेन्स जास्तीत जास्त उघडी ठेवून, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, १६०० किंवा ३२०० पर्यंत नेऊन, १५ ते ३० सेकंदांची एक्स्पोजर, म्हणजे तेवढा वेळ शटर उघडे ठेवून घेतलेली चित्रे, एकामागून एक घेत राहायची. काजव्याची एकेक चमक क्षणभराची असते. तीस सेकंदांत तोच काजवा पुन्हा पुन्हा चमकतो, उडता उडता जागा बदलतो आणि दर वेळी चित्रावर नवा ठिपका उमटवतो. पाऊण तासात अशी ऐंशी-नव्वद चित्रे जमली की घरी संगणकावर ती एकावर एक ठेवून प्रत्येक ठिकाणचा सर्वांत उजळ बिंदू तेवढा राखला जातो. पुरवणीत छापून येते ती ही पाऊण तासाची बेरीज. यात लबाडी काही नाही. ध्रुवताऱ्याभोवती ताऱ्यांची वर्तुळे दाखवणारी चित्रेही याच रीतीने होतात आणि ती पाहून कोणी तशी वर्तुळे शोधायला गच्चीवर जात नाही. काजव्यांची गोष्ट निराळी आहे, कारण ते चित्र पाहून माणसे शनिवारी संध्याकाळी गाड्या काढतात.

रतनवाडीत मी ज्यांच्या पडवीत उतरतो, त्या महादेव कोळी समाजातल्या गृहस्थांना मी मामा म्हणतो. हंगामात पाहुण्यांना शेताच्या बांधापर्यंत नेऊन काजवे दाखवण्याचे काम ते करतात आणि त्यांची पहिली सूचना ठरलेली असते: ‘‘बॅटरी विझवा आधी. मोबाइल खिशात घाला. डोळं निवू द्या, मंग दिसंल.’’ नेत्रविज्ञान याहून वेगळे काही सांगत नाही. मंद प्रकाश टिपणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना उजेडातून अंधारात आल्यावर पुरते जागे व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या पडद्याकडे नुसती एक नजर टाकली तरी त्यातली बरीचशी कमाई वाया जाते. बांधावर बसल्यावर आधी गवतात दोन-चार ठिणग्या दिसतात, मग झाडाच्या एका अंगाला चमक सुरू होते, ती फांद्याफांद्यांवरून दुसऱ्या अंगाला सरकत जाते आणि अचानक सगळे झाड विझते. त्या काळोखात पुढची चमक कोणत्या फांदीवरून निघेल याचा अंदाज बांधत सगळे गप्प बसलेले असतात. पाहण्यातली निम्मी मौज या विझण्यात आहे. बेरजेच्या चित्रात मात्र झाड कधीच विझत नाही, आणि तिथे येणाऱ्याला नेमके याचे भान कोणी दिलेले नसते.

एका रात्री एक कुटुंब गाडीतून उतरले, पाच-सात मिनिटे झाडाकडे पाहत राहिले आणि त्यांतला तरुण म्हणाला, ‘‘फोटोत तर केवढे होते!’’ आपण चुकीच्या झाडापाशी थांबलो आहोत की काय, हे पाहण्यासाठी त्याने गाडीचे हेडलाइट लावले. मामा भांडले नाहीत. खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी एका दिव्यावर धरला आणि दुसऱ्या दिव्याकडे मला बोटाने खुणावले. मी अंगातले जॅकेट काढून त्यावर धरले. दोन माणसे गाडीचे दोन डोळे झाकून उभी आहेत हे पाहून तो तरुण ओशाळून हसला आणि त्याने दिवे बंद केले. माणूस वाईट नव्हता. वर्तमानपत्रात किंवा मोबाइलवर पाहिलेल्या झाडाशी तो समोरचे झाड ताडून पाहत होता, इतकेच.

काजव्यांच्या दृष्टीने मात्र हे ‘इतकेच’ नसते. काजवा हा भुंग्याच्या गणातला कीटक आहे. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन जो प्रकाश निर्माण होतो, त्यात उष्णता जवळजवळ नसते. त्या प्रकाशाचा उपयोग जोडीदार शोधण्यासाठी होतो. नर उडता उडता ठरावीक लयीत चमकतो आणि गवतात किंवा पानावर बसलेली मादी त्याला उत्तर देते. आयुष्याचा मोठा भाग अळीच्या रूपात ओल्या जमिनीत आणि पालापाचोळ्यात गोगलगायी खाण्यात जातो. पंख फुटल्यानंतर उरतात ते मोजके दिवस, फार तर दोन-तीन आठवडे, आणि तेवढ्यात जोडीदार मिळून अंडी घातली गेली पाहिजेत. हेडलाइटच्या झोतात ही चमक आणि तिचे उत्तर दोन्ही बुडून जातात. एका गाडीने एका झाडाची दहा मिनिटे घेतली तर फारसे बिघडत नाही, असे म्हणता येईल. पण शनिवार-रविवारी धरणाभोवतीच्या घाटघर-रतनवाडी रस्त्यावर गाडीमागे गाडी असते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात वन विभागाने काजव्यांच्या हंगामासाठी वेळेचे आणि वर्तनाचे नियम घातले आहेत ते यामुळेच. ते कडक आहेत असे मला वाटत नाही. उलट, नियमांचा फलक अभयारण्याच्या नाक्यावर लागतो, पण पर्यटकाच्या मनातले चित्र घरूनच तयार होऊन आलेले असते, आणि त्या चित्राशी आपला, म्हणजे छायाचित्रकारांचा आणि वृत्तपत्रांचा, संबंध आहे.

देशाटनाने चातुर्य येते हे आपण शाळेपासून घोकत आलो आहोत. माझा अनुभव थोडा निराळा आहे. नुसत्या फिरण्याने माझ्यात फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो एका जागी खिळून बसावे लागल्याने. कॅमेरा चालू असताना ट्रायपॉडपासून हलायचे नाही, घेतलेले चित्र पडद्यावर पाहायचे नाही, बोललो तरी हलक्या आवाजात, आणि समोर जे घडेल ते घडू द्यायचे. लग्नाच्या मांडवात माझा कारभार याच्या नेमका उलट असे. नवरदेवाने मान वर करायची, करवलीने बाजूला सरायचे, हार नीट टिपला गेला नसेल तर वधूवरांनी तो काढून पुन्हा घालायचा, आणि भटजींनीही दम धरायचा, हे सगळे माझ्या हुकमाने चाले. डोंगरात माझा हुकूम कोणी मानत नाही. ढग सरकत नाही, काजवा थांबत नाही, आणि कारवी तर सात-आठ वर्षांतून एकदा, तिच्या सवडीने फुलते. हुकूम करण्याची सवय हळूहळू उतरली आणि तिचा परिणाम मांडवातही दिसू लागला. हार पुन्हा घालायला सांगणे मी जवळजवळ सोडून दिले आहे. गिऱ्हाईक कमी झाले नाही. उलट, आमच्या लग्नात फोटोवाल्याने त्रास दिला नाही, अशी शिफारस होते, जी आमच्या धंद्यात विरळाच. प्रवासातून माणूस घडतो याचा माझ्यापुरता पुरावा एवढाच आहे आणि मला तो पुरेसा वाटतो. पण चित्र पाहणाऱ्यापर्यंत हे थांबणे पोहोचत नाही. पाऊण तास गाळून केवळ बेरीज त्याच्या हाती पडते आणि तो पाच मिनिटांत बेरीज मागतो.

काजव्यांनंतर पाऊस येतो आणि पुरवणीत धबधबे येतात. तिथे हीच गोष्ट अधिक गंभीर होते. प्रवरेवरचा रंधा धबधबा भर पावसात, धरणातून पाणी सुटलेले असताना, ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचा रंग ठाऊक आहे. पाणी गढूळ असते, मोठ्या लाटांत फुटते आणि झाडांच्या फांद्या घेऊन खाली कोसळते. शटर एक सहस्रांश सेकंदाचे ठेवले तर चित्रात हे सारे दिसते. लेन्सवर काळी काच चढवून तेच शटर एक-दोन सेकंद उघडे ठेवले की पाणी पिंजलेल्या कापसासारखे मऊ होते, फांद्या नाहीशा होतात आणि कड्यावरून जणू धुके उतरते आहे असे वाटते. दुसरे चित्र अधिक देखणे असते, म्हणून छापले जाते तेच. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातली माणसे, त्यांत लहान मुले, वाहून गेली. त्यानंतर प्रशासनाने ठिकठिकाणी बंदीचे आदेश काढले आणि पावसाळ्यात असे आदेश आता नेहमीचे झाले आहेत. ती दुर्घटना एखाद्या छायाचित्रामुळे घडली, असे मी मुळीच म्हणत नाही. पाणी अचानक वाढले की भल्याभल्यांना सुचत नाही. परंतु ज्या पिढीने पावसाळ्यातले वाहते पाणी मुख्यतः चित्रांत पाहिले आहे, तिच्या डोळ्यांना पाणी मऊ असते हे आपण वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत, हे नाकारता येणार नाही. गुडघाभर पाणीही धावते असेल तर माणसाचे पाय उचलते, हे त्या कापसात दिसत नाही.

साहसाच्या चित्रांचेही तेच. हरिहर गडाच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या हल्ली सर्वांना पाठ झाल्या आहेत. जवळजवळ उभी चढण, पायऱ्यांच्या कडांना हात घालण्यासाठी खोबण्या आणि वर आकाशाचा तुकडा. ते छायाचित्र बहुधा आडवारी, दिवस उगवता उगवता, किंवा ड्रोनने काढलेले असते, त्यामुळे पायऱ्या मोकळ्या दिसतात. पावसाळ्यातल्या रविवारी त्याच पायऱ्यांवर चढणाऱ्यांची आणि उतरणाऱ्यांची गाठ पडते. दोघांना सुखाने ओलांडता येईल एवढी ती वाट रुंद नाही, दगड शेवाळलेला असतो, आणि ज्याने मोकळ्या पायऱ्यांचे चित्र पाहून बेत आखला तो खोबणीत बोटे रुतवून, वरच्याच्या बुटाकडे पाहत उभा राहतो. साहस कसे दिसते ते चित्र दाखवते. ते केव्हा सोडून द्यायचे हे मात्र चित्रात येत नाही. साम्रदच्या सांदण दरीत उतरायला एकदा आम्ही काहीजण निघालो होतो. दरीच्या तोंडाशी पोहोचलो तेव्हा रतनगडाच्या बाजूने आभाळ काळे होऊ लागले. वाटाड्याने दोर खांद्यावरून न उतरवताच ‘‘आज नाही’’ म्हटले आणि तो माघारी वळला. कोणी हुज्जत घातली नाही, कारण उंच कातळांमधल्या त्या चिंचोळ्या फटीत वरून पाणी आले तर पळायला वाट नसते, हे त्याच्या पाठमोऱ्या चालीवरूनच कळले. त्या दिवसाचे माझ्याकडे एकही छायाचित्र नाही. माझ्या डोंगरयात्रांमधला तो अतिशय शहाणपणाचा दिवस होता असे मी समजतो, पण चित्रांवरून प्रवास मोजायचा ठरवला तर तो दिवस हिशेबात धरलाच जाणार नाही.

कास पठाराविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तिथल्या गर्दीवर आपल्या दैनिकात पुष्कळ लिहून झाले आहे. २०१२ साली पश्चिम घाटातील जागतिक वारसा स्थळांत कासचा समावेश झाला. तिथला फुलांचा गालिचा बऱ्याच अंशी लांब पल्ल्याच्या लेन्सची किमया असते. जमिनीलगत बसून दूरवर रोखलेली लेन्स मागचे-पुढचे पट्टे एकमेकांवर आणून ठेवते आणि मधली मोकळी जागा गिळून टाकते. प्रत्यक्षात जांभ्या खडकावरच्या पातळ मातीच्या थरात तेरडा, सोनकी, गेंद आणि सीतेची आसवे ही फुले आपापल्या ओलीप्रमाणे विखुरलेली असतात. गालिचा दिसला नाही की माणसे तो आत कुठे असेल म्हणून पाऊलवाट सोडतात.

माझ्या व्यवसायबंधूंपैकी काहींना ही सूचना पटत नाही. चित्राची कृती सांगितली की त्यातली जादू जाते, आणि चित्रकाराला कोणी रंगांचा हिशेब विचारत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. चित्राच्या प्रदर्शनापुरते ते मला मान्य आहे. मात्र आपण पर्यटन पुरवणीत छापतो तेव्हा शेजारीच ‘कसे जाल’, ‘कुठे राहाल’ असे चौकटीत दिलेले असते. म्हणजे ते चित्र कला म्हणून नव्हे, तर त्या ठिकाणची साक्ष म्हणून दिलेले असते. साक्षीला थोडे अधिक काटेकोर नियम लागतात. बातमीच्या छायाचित्रात कोणी काही जोडले किंवा पुसले तर कोणतेही जबाबदार संपादकीय खाते ते खपवून घेत नाही. पुरवणीतले छायाचित्र केवळ सजावट समजून त्या नियमातून सुटावे, याचे कारण मला दिसत नाही.

याच संदर्भात लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेतील एक प्रकरण आठवते. ब्राझीलमधल्या एमास राष्ट्रीय उद्यानातले ते चित्र २०१७ साली पुरस्कारप्राप्त ठरले होते. रात्रीच्या वेळी वाळवीचे वारूळ, त्यावर चमकणाऱ्या अळ्यांचे हिरवे ठिपके आणि वारुळाशी आलेला मुंगीखाऊ असा तो देखावा होता. २०१८ मध्ये संग्रहालयाने तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली, तो मुंगीखाऊ पेंढा भरलेला असावा असा निष्कर्ष काढला आणि पुरस्कार काढून घेतला. छायाचित्रकाराने आरोप नाकारला होता. काजव्यांच्या चित्रांचे थर रचणे आणि ते प्रकरण यांची बरोबरी करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण एकदा असा संशय शिरला की प्रामाणिक चित्रालाही जाब द्यावा लागतो. आता तर झाड, काजवे आणि आकाश, यांतले काहीही न पाहता संगणकाकडून तयार करवून घेतलेली चित्रे मोबाइलवर फिरत आहेत आणि ती आमच्या चित्रांहून दिमाखदार असतात. ज्याने डासांत बसून पाऊण तास काढला आहे, त्याने तो कसा काढला हे लिहून ठेवणे त्याच्याच फायद्याचे आहे.

ओळ लांब नको. ‘अकोले तालुका, ३० सेकंदांची ८० चित्रे एकत्र केली आहेत, एका वेळी डोळ्यांना याचा लहानसा अंश दिसतो.’ ‘रंधा, शटर २ सेकंद, पाणी प्रत्यक्षात गढूळ व अतिशय वेगवान.’ ‘हरिहर, मंगळवार, सकाळी साडेसहा, रविवारी येथे रांग असते.’ छायाचित्रकाराच्या नावाच्या आकाराच्या अक्षरांत हे सहज मावते. काजव्यांच्या बाबतीत तालुक्यापलीकडे ठिकाण देऊ नये, हीही विनंती आहे. झाड ओळखता येईल इतका तपशील छापला की पुढच्या शनिवारी त्याच झाडाखाली गाड्या लागतात, आणि पायदळी जाणाऱ्या गवतातच माद्या बसलेल्या असतात. गावातल्या वाटाड्यांचा रोजगार यामुळे बुडेल ही भीती मला खरी वाटत नाही. नेमके झाड छापले नाही तर ते दाखवायला गावातलाच माणूस लागेल, आणि तो आधी बॅटरी विझवायला सांगेल.

आपल्या पुरवणीच्या येत्या अंकांसाठी माझी छायाचित्रे उपयोगी पडणार असतील तर ती विनामूल्य पाठवण्याची माझी तयारी आहे. प्रत्येक चित्रासोबत ही ओळ लिहून पाठवीन. जागेअभावी ती गाळावी लागत असेल, तर ते चित्रही छापू नये, एवढी एक अट राहील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाचक व छायाचित्रकार,
नाशिक